सातवी काठी

"धर्म चांगलाच असतो हो, माणसं वाईट निघतात." सोलापुरात हे वाक्य चहाच्या गाड्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं, आणि बोलणारा बहुतेक वेळा विषय मिटवायलाच ते बोलतो. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहणारे सर याला अपवाद. ते या वाक्यानेच विषय काढतात, आणि समोर त्यांची जुनी विद्यार्थिनी असली तर ताटं वाढून झाली तरी तो संपत नाही.

सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले. घर लिंगायत. घरात कन्नड, दारात मराठी, आणि जानेवारी आला की पांढरी बाराबंदी घालून सिद्धेश्वराच्या, म्हणजेच सिद्धरामांच्या, यात्रेत. या यात्रेलाच सोलापुरात गड्डा म्हणतात. विद्यार्थिनी आता वकिली करते. माहेर मंगळवेढा तालुक्यातलं, घर बौद्ध. यात्रा तोंडावर आलेली असताना दोघांचं झालेलं बोलणं आठवलं तसं इथे लिहिलं आहे. मला गप्प बसवत नाही, म्हणून मधे मधे माझंही तोंड घातलं आहे.

सर : गड्ड्याला जाणाऱ्या माणसाला धर्म वेगळा शिकवावा लागत नाही. मानाचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, सात. पहिला देवस्थानचा, हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघणारा. दुसरा कसब्यातल्या देशमुखांचा, तिसरा लिंगायत माळ्यांचा, चौथा-पाचवा विश्वब्राह्मणांचा, सहावा-सातवा मातंगांचा. सगळे एकाच देवाचे वऱ्हाडी. इतर गावांत मातंगाला देवळाच्या पायरीला शिवू देत नव्हते, आणि इथे देवाच्या लग्नात त्याची काठी मानाची. माणसांनी पुढे काय माती खाल्ली ती त्यांची. सिद्धरामांनी दिलं ते हे.

वकील : सर, सहावी आणि सातवी.

सर : म्हणजे?

वकील : पहिली नाही, तिसरी नाही. शेवटच्या दोन.

सर : रांग म्हटली की शेवटी कुणीतरी असणारच की.

वकील : असणारच. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावची रांग घ्या, शेवटी कोण उभं असेल ते न बघता सांगता येतं. सिद्धरामांच्या रांगेतही तेच निघत असेल, तर ही रांग सिद्धरामांनी लावली की गावाने?

मला विचाराल तर हा प्रश्न सातव्या काठीला खांदा देणाऱ्या पोरांसमोर विचारायची हिंमत मी करणार नाही. एवढी उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलत मैलोन्‌मैल चालणाऱ्याला आपला मान कितवा हे शिकवायला जाणं उद्धटपणाच. पण मान मिळाला हे जसं खरं, तसं मानाला क्रमांक चिकटला हेही खरं, आणि सरांनी पहिलंच तेवढं सांगितलं होतं.

वकील : आणि लग्न कुणाचं म्हणालात? कुंभाराच्या मुलीचं. तिला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून त्यांनी आपला योगदंड पुढे केला. सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या त्या योगदंडाच्या लग्नाच्या. इथवर गोड आहे. दुसऱ्या दिवशी काय होतं? बाजरीच्या पेंढीला शालू नेसवायचा, मंगळसूत्र घालायचं आणि होम मैदानावर तिला अग्नी द्यायचा. बसवण्णांच्या वाटेने गेलेल्या ज्या शरणांनी बाईच्या हातावर इष्टलिंग ठेवलं, अक्कमहादेवीला अनुभवमंटपात मानाने बसवलं, त्यांच्याच एका शरणाच्या नावाने दरवर्षी एक नवरी जळते.

सर : जळते ती पेंढी. आणि ही कथा लोकांची आहे. सिद्धरामांची वचनं मी वाचली आहेत, त्यांत मला ती कुठे सापडली नाही.

वकील : बघा. काठी आवडली, ती सिद्धरामांची झाली. होम अडचणीचा वाटला, तो लोकांचा झाला. ही वाटणी करतं कोण?

सर : तू म्हणणार, मी.

वकील : तुम्हीच. चांगलं तेवढं धर्माच्या खात्यावर, वाईट तेवढं माणसांच्या. असा हिशेब ठेवला तर जगातला एकही धर्म कधी तोट्यात जाणार नाही.

हा घाव वर्मी लागला होता. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सगळ्यात अवघड मुद्दा आहे, आणि "धर्म चांगला, माणसं वाईट" म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे त्याला उत्तर द्यायला थांबतात. सर थांबले.

सर : मी मनाला येईल तशी वाटणी करत नाही. माप लिहून ठेवलेलं आहे. बसवण्णांनी काय सांगितलं? ज्याने त्याने कष्ट करावेत, त्या कष्टातलं दुसऱ्याला द्यावं, जन्माने कुणी उंच नाही, आणि देव देवळात कोंडलेला नाही, तो अंगावरच्या लिंगात आहे. कायक, दासोह, इष्टलिंग. या मापाने मी काठी मोजतो, होम मोजतो, स्वतःलाही मोजतो. उद्या तू हे मापच फेकून दिलंस तर लिंगायत चुकला हे कशावरून म्हणणार?

वकील : माप एवढं स्पष्ट आहे ना? मग तुमचं देऊळच त्या मापात बसत नाही. अंगावर लिंग असताना तलावात देऊळ कशाला?

सर : अगं, हाच तर सोलापूरचा पेच आहे! सिद्धराम आधी देवळं बांधणारेच होते. सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, त्यांनी तळं खोदवलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. सगळं लोकांसाठी. मग अल्लमप्रभू आले. तळ्यावर खोदणाऱ्या वड्डरांशी त्यांची बाचाबाची झाली, सिद्धराम रागावून धावून आले, आणि अल्लमांनी त्यांनाच विचारलं की एवढी पुण्याची कामं करून तुझा राग का गेला नाही. तिथून ते बसवण्णांच्या कल्याणला गेले. चेन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंग घेतलं, पुढे अनुभवमंटपाच्या शून्यपीठावर, म्हणजे अध्यक्षाच्या आसनावर, बसले. म्हणजे ज्याने अडुसष्ट लिंगं गावात रोवली, त्यानेच शेवटी हातात मावणारं एक घेतलं.

वकील : आणि सोलापूरकरांनी?

सर : सोलापूरकरांनी अडुसष्ट ठेवली. यात्रेत आधी त्यांनाच तेल लावतात.

वकील : मग सांगा, अनुयायी चुकले का?

सर : मापाने बघितलं तर चुकले. पण मला राग येत नाही. लोकांनी तळं खोदणारा सिद्धराम जवळचा मानला. कल्याणचा सिद्धराम त्यांना कळायला कठीण गेला असेल. तळ्याचं पाणी पिणाऱ्या माणसाला शून्यपीठ म्हणजे काय ते कसं समजावणार?

मला इथे सर पहिल्यांदा पटले. अनुयायांची प्रत्येक चूक दगाबाजी नसते. कधी ती शिकवणीतला जो तुकडा हाताला लागला तो घट्ट धरून ठेवण्याची चूक असते. पण वकीलबाईंना या दिलासा देणाऱ्या वाटेने जायचं नव्हतं. बोलणं मंगळवेढ्याला नेल्याशिवाय ती बसणार नाही हे मला ठाऊक होतं.

वकील : माझ्या गावाकडचं सांगू? बिज्जळ राजाची राजधानी कल्याणच्या आधी मंगळवेढ्याला होती. बसवण्णा तिथेच त्याच्या खजिन्यात हिशेब बघायचे. म्हणजे जन्माने कुणी उंच नाही हे म्हणणारा माणूस मंगळवेढ्याच्या रस्त्यांवरून चाललेला आहे. आता पुढे दीड-पावणेदोनशे वर्षं या. 1338. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम चाललंय. वेठीला धरून आणलेली महारांची माणसं, त्यांत संत चोखोबा. भिंत कोसळली, सगळे गाडले गेले. नामदेवांनी हाडं उचलून पंढरपूरला नेली, महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्या गावातून कायकाची शिकवण निघाली, त्याच गावात वेठबिगारीने माणूस मेला. सर, शिकवण कुठे गेली होती?

सर : कल्याणलाच तिचा गळा आवळला होता. हरळय्या चांभार, मधुवरस ब्राह्मण. एकाच्या मुलाचं दुसऱ्याच्या मुलीशी लग्न लावून दिलं, आणि बिज्जळाने दोघा बापांना हत्तीच्या पायी बांधून फरफटवलं. 1167-68 च्या सुमाराची गोष्ट. शरण पांगले, बसवण्णा कूडलसंगमाला गेले, चेन्नबसवण्णा उळवीला. शिकवण हरली नाही, तिला मारलं.

वकील : राजाने मारलं हे एकदा मान्य. पण राजा गेला, त्यालाही साडेआठशे वर्षं झाली. त्यानंतर लिंगायतांत जंगम कोण, पंचम कोण, कुणाची सोयरीक कुणाशी होते आणि कुणाशी होत नाही, हे बिज्जळ येऊन ठरवून गेला नाही.

सर : मान्य. ते आम्हीच केलं.

वकील : मग पुन्हा विचारते. वैद्याचं औषध घेतलं आणि गुण आला नाही तर पेशंट म्हणतो, मी पथ्य पाळलं नाही. ठीक. पण ज्या औषधाचं पथ्य आठशे वर्षांत एका गावालाही पाळता आलं नाही, त्या औषधाबद्दल वैद्याने काही विचार करायचा की नाही?

सर हसले, पण लगेच उत्तर सुचलं नसावं, कारण त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत मी गांधीजी-आंबेडकरांचा विषय काढला. काढला नसता तर वकीलबाईंनी काढलाच असता.

1936 साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावलं, आणि भाषण वाचून पाहिल्यावर बेत रद्द केला. आंबेडकरांनी ते भाषण स्वतःच छापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हिंदू माणूस जात पाळतो तो दुष्ट म्हणून नव्हे, धार्मिक आहे म्हणून. शास्त्राने सांगितलं ते तो करतो. मग शत्रू माणूस कसा? शत्रू ते शास्त्र. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये उत्तर दिलं. धर्माची पारख त्याच्या सर्वांत वाईट नमुन्यांवरून करू नये, त्याने घडवलेल्या सर्वांत चांगल्या माणसांवरून करावी. त्या चांगल्या माणसांच्या यादीत त्यांनी ज्ञानदेव आणि तुकाराम घातले होते.

सर : आणि माझंही तेच मत. चोखोबा कुणाच्या पोटी जन्मला? वारकरी पंथाच्या. त्याला बाहेर ठेवणारे विठ्ठलाचे पुजारी, बडवे होते, त्याची हाडं उचलून आणणारा नामदेवही वारकरीच होता. मग पंथ कुणाच्या नावावर लिहायचा?

वकील : बाबासाहेबांचा उलट प्रश्न तुम्ही विसरलात. चांगले एवढे थोडे का आणि वाईट एवढे जास्त का? आणि संतांबद्दल ते काय म्हणाले? संतांनी देवापुढे सगळे सारखे असं सांगितलं, माणसं एकमेकांपुढे सारखी असं ठासून सांगितलं नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात गळाभेट, गावात शिवाशिव. तरी चोखोबांवर त्यांचा राग नव्हता. 1948 साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं आहे. माणसावर प्रेम करून त्याच्या पंथाचा हिशेब मागता येतो, एवढंच मी म्हणते. संतांनी आम्हाला महाद्वारासमोरची समाधी दिली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली या सोलापुरात वसतिगृह काढलं. आमच्यासारख्यांच्या घरात अक्षर आलं ते दुसऱ्या वाटेने.

सर : आणि साने गुरुजी कुठल्या वाटेने आले?

या एका वाक्याने बोलणं वळलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं एवढीच मागणी. त्याआधी महिनोन्‌महिने ते महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या. शेवटी बडवे तयार झाले, मंदिर उघडलं. काही कर्मठांनी आधीच विठ्ठलाचं तेज घागरीत काढून घेतलं, आत उरला तो नुसता दगड, अशी कथा पंढरपुरात सांगतात.

सर : गुरुजी काय म्हणत होते? हा धर्म नव्हे. ही विठ्ठलाची शिकवण नव्हे. हे आपण केलेलं पाप आहे. म्हणजे माझंच वाक्य! धर्म आणि माणसं त्यांनी वेगळी केली नसती तर उपोषण कुणाविरुद्ध करणार होते? विठ्ठलाविरुद्ध?

वकील : गुरुजींना मी हात जोडते. पण तुमचं आणि त्यांचं वाक्य एकच आहे असं मला वाटत नाही. तुम्ही ते मला सांगता. गुरुजींनी ते बडव्यांना सांगितलं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेत खरी फोड इथे झाली. "दोष माणसांचा, धर्माचा नव्हे" हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडावर म्हटलं की तो वकीलपत्राचा मजकूर होतो. आरोपी धर्म, वकील आपण, आणि फिर्यादीलाच उलटतपासणी. हेच वाक्य आपल्या माणसांकडे वळून म्हटलं, आणि त्याच्यासाठी अन्न सोडलं, तर त्याचा अर्थ फिरतो. गुरुजींच्या आधीही पंढरपुरात हे वाक्य शेकडो कीर्तनांत झालं असेल. दार त्याने उघडलं नाही. आणि गुरुजींच्या उपोषणानेही सगळं उघडलं नाही. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क काढायला 1973 चा कायदा लागला, आणि त्या कायद्यावरचा शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाकडून जानेवारी 2014 मध्ये आला.

सर मात्र एवढ्याने मानणारे नव्हते.

सर : कायदा म्हणालात म्हणून विचारतो. कायदा तरी काय वेगळं करतो? कोर्टानेही कधी म्हटलंय की, बाबांनो, तुमचा धर्म हे शिकवत नाही?

वकील : म्हटलंय की. आणि कुणी, सांगू? साताऱ्यात जन्मलेल्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींनी 1948 मध्ये दावा लावला. मुंबई सरकारचा हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही, कारण आमचा पंथ हिंदू धर्मापासून वेगळा आहे, असं त्यांचं म्हणणं. निकाल 14 जानेवारी 1966 ला लागला. दावा फेटाळला. वर कोर्टाने म्हटलं की हा दावा अंधश्रद्धेतून, अज्ञानातून आणि खुद्द स्वामीनारायणांच्या शिकवणीच्या गैरसमजातून आला आहे.

सर : म्हणजे सर्वोच्च न्यायालय माझ्या बाजूचं! आणि तेही संक्रांतीच्या दिवशी.

वकील : निकाल मला आवडतो, सर, कारणं तेवढी आवडत नाहीत. देऊळ सार्वजनिक आहे आणि घटनेत समता आहे, एवढं म्हणून काम भागलं असतं. शिकवण खरी कुठली हे न्यायाधीशाने सांगायला सुरुवात केली की उद्या दुसरा न्यायाधीश दुसरी खरी शिकवण सांगेल. आज ती माझ्या बाजूची निघाली, उद्याची काय खात्री? आणि वेगळ्या धर्माच्या दाव्यात काय काय लपलेलं असतं ते बघा. सत्संगींना वेगळा धर्म हवा होता तो दार बंद ठेवायला. 2018 च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने लिंगायतांना वेगळ्या धर्माचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली, तेव्हा बसवण्णांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तुम्हीही मोर्चाला गेलात.

सर : गेलो. आणि पुन्हा जाईन. बसवण्णांचा विचार वेगळा आहे, त्याची नोंद वेगळी व्हावी.

वकील : जरूर व्हावी. फक्त त्या नोंदीत पोटजातीचा रकाना असणार का, ते विचारून घ्या.

आता सर सावरून बसले. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराकडे बघायचे तसे तिच्याकडे बघितलं.

सर : माझं झालं. आता तुझ्या घरचं काढू? श्रीलंकेत बुद्धाच्या भिक्खूंचा सियाम निकाय आहे, 1753 सालचा. त्यात परंपरेने फक्त गोविगम जातीचा माणूस भिक्खू होतो. इतर जातींना म्हणून वेगळे निकाय काढावे लागले. म्यानमारमध्ये चीवर घातलेल्या माणसांनी रोहिंग्यांबद्दल काय काय विष पेरलं ते पेपरात सगळ्यांनी वाचलं. बुद्धाची शिकवण कुठे गेली होती?

वकील : (जराशी थांबून) अनुयायी चुकले.

सर : हां!

वकील : थांबा, पूर्ण बोलू द्या. बाबासाहेब इथे माझ्यापेक्षा पुढे होते. त्यांनी अनुयायी चुकले एवढ्यावर सोडलं नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना त्यांनी शिकवणीचीच झडती घेतली. चार आर्यसत्यं मुळात बुद्धाची आहेत की पुढे भिक्खूंनी घातलेली, असा प्रश्न प्रस्तावनेतच विचारला. कर्म आणि पुनर्जन्माबद्दलही विचारला, भिक्खू कशासाठी हेही विचारलं. दुःखाचं मूळ मागच्या जन्मात आहे असं शिकवलं की आज दुःख देणारा सुटतो, हे त्यांना दिसत होतं. म्हणजे त्यांनी भिंत माणसं आणि धर्म यांच्यामध्ये बांधलीच नाही, धर्मातूनच रेघ मारली. हे घेतो, हे घेत नाही. तुम्ही होमाबद्दल तेवढं म्हणा, मी गप्प बसते.

सर : म्हटलं तर देवस्थानची पंचकमिटी माझ्या घरी येईल.

वकील : येऊ द्या. बसवण्णांच्या घरी बिज्जळाची माणसं आली होती.

हे बोलणं ऐकताना मला एक गोष्ट कळली. दोघंही माणसं आणि शिकवण वेगळी काढत होते. सर वेगळी काढून शिकवण वाचवत होते, ती वेगळी काढून माणसाला वाचवत होती, आणि स्वतःच्या घरावर पाळी आली तेव्हा दोघांच्याही तोंडून पहिलं वाक्य एकच निघालं. मनुस्मृतीपुढे सरांच्या मापाचा उपयोग नाही, कारण तिथे जात पाळणारा शिकवणीला जागतोच आहे. वचनांपुढे वकीलबाईंच्या औषधाचा दृष्टांत लंगडा पडतो, कारण जात पाळणारा तिथे पथ्यच काय, औषधही घेत नाही. दोन्ही आजार एका नावाने ओळखले की इलाजही चुकतो. मी हे बोलून दाखवलं तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय मिटवायला निघालोय. बहुधा निघालो होतोच.

तेवढ्यात सरांच्या सूनबाई ताटं घ्यायची का विचारून गेल्या, आणि जाताना टेबलावर एक छापील कागद ठेवून गेल्या. नातवासाठी मुली बघायला सुरुवात झाली आहे. मुलगा पुण्यात आयटीत. कागदावर उंची, पगार, रक्तगट, आणि सगळ्यात वर धर्म, त्याखाली पोटजात.

वकील : (कागद उचलून) सर, हा मजकूर कुणाचा?

सर : माझा. टाईप त्याने केला, सांगितला मी.

वकील : हरळय्याने हा वाचला तर काय म्हणेल?

सर : काय म्हणणार! बायोडाटात त्याच्या घरातली मुलगी बसत नाही हे वाचून तो परत जाईल. पण तू खरं सांग, तुझ्या लग्नात काय झालं होतं? दीक्षा घेतल्यावर जात सुटली ना? मग जावई कुठून आणला?

वकील : ...आमच्यातलाच.

सर : तुमच्यातलाच म्हणजे पूर्वीच्या कुठल्या?

वकील : त्याच. आईने दुसरीकडे बघूच दिलं नाही.

सर : मग ह्या आया कुठल्या खात्यात घालायच्या? धर्माच्या की माणसांच्या?

वकील : ते नंतर ठरवू. आधी ही पोटजात खोडा.

सर : मी खोडली तर नवीन प्रिंट काढून सूनबाई पुन्हा लिहील. घरातला हा कारभार तिचा.

वकील : मग मी तिच्याशीच बोलते. रविवारी येते.

सर : ये की. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घालून ती तुझं सगळं ऐकून घेईल. होकार तेवढा देणार नाही.

वकील : तुम्ही शेजारी बसाल ना?

सर : बसतो. पण होमाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, एका वेळी एकच.